मनाचा कौल आणि विवेकाची मुद्रिका

॥ श्री ॥



श्रावण लागला की आपल्या पांढुर्णा-सौंसर परिसरात सणांची रांग सुरू होते. प्रथम नागपंचमी येते, महिन्याच्या अमावास्येला पोळा येतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. याच दिवसांत मंगळवारी व शनिवारी जामसावळीची वाट भाविकांनी फुलून जाते. सणांच्या पाठोपाठ प्रश्नही देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात. कोणाला विहीर कोठे खोदावी हे ठरवायचे असते, कोणाच्या घरी आजार रेंगाळलेला असतो, कोणाला मुलीच्या स्थळाविषयी होय-नाही करायचे असते. विचारणाऱ्याचे शेवटचे वाक्य मात्र बहुधा एकच असते : "मन असे म्हणते, मग तेच खरे ना?"

पौरोहित्य करणाऱ्या घरात वाढल्यामुळे हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याचे उत्तर मानेच्या एका हालचालीने देणे सोपे असते. पण त्या उत्तरावर कधी कधी एखाद्याचे शेत, तर कधी एखाद्याचा जीव अवलंबून असतो. यास्तव आज या पत्रकातून त्या प्रश्नाचाच थोडा विचार करू.

आपल्या परंपरेने मनाच्या कौलाला तुच्छ मानलेले नाही. धर्म ओळखण्याची साधने सांगताना शास्त्रकारांनी श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्याबरोबर आत्मतुष्टीचाही, म्हणजे अंतःकरणाच्या समाधानाचाही, उल्लेख केला आहे. परंतु क्रम पाहावा. आत्मतुष्टी शेवटी आहे. इतर साक्षी झाल्यावर मनाची साक्ष घ्यावयाची, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही समजतो.

कालिदासाने 'शाकुंतला'त हीच गोष्ट मोठ्या मार्मिकपणे दाखविली आहे. कण्वाच्या आश्रमात शकुंतलेला पाहून दुष्यंताला शंका येते, की ही ऋषिकन्या असेल तर हिच्याशी विवाह कसा व्हावा? तेव्हा तो आपल्याच मनाची साक्ष काढतो. माझे मन हिच्याकडे ओढले जात आहे, त्या अर्थी ती मला योग्यच असली पाहिजे, असे तो ठरवितो. त्याचा तर्क त्या वेळी खरा निघतो. पुढे तीच शकुंतला त्याच्या राजसभेत उभी राहते, तेव्हा दुर्वासाच्या शापामुळे त्याचे मन सांगते की या स्त्रीला मी ओळखत नाही. राजा तोच, मन तेच आणि खात्रीही तितकीच पक्की. पहिल्या वेळी ती खरी होती, दुसऱ्या वेळी खोटी. तेव्हा खात्री किती तीव्र आहे, यावरून सत्य ओळखता येत नाही. दुष्यंताचे डोळे कशाने उघडले? कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेल्या मुद्रिकेने. मनाबाहेरची एक वस्तू पुढे आली आणि मनाची चूक उघड झाली. ही मुद्रिका आपण लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कोणी म्हणेल की मनाचा कौल अनेकदा खरा ठरतो, त्याचे काय? ठरतो खरा. आपल्या भागातील संत्र्याचा जुना बागायतदार पाहा. मृग बहार धरायचा म्हणजे उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फूल नीट येत नाही, अधिक झाला तर झाडच खचते. किती ताण पुरे झाला, हे तो म्हातारा बांधावर उभा राहून पानांचा रंग व मरगळ पाहून क्षणात सांगतो. कसे कळले म्हणून विचारले, तर त्याला शब्दांत सांगता येत नाही. हा कौल मनाचाच आहे, पण त्याच्या मागे चाळीस बहारांचा अनुभव उभा आहे. शिवाय प्रत्येक वर्षी झाडाने त्याला उत्तर दिलेले आहे. अंदाज बरोबर असेल तर काही आठवड्यांत बाग फुलून येते, चुकला तर फांद्या रित्या राहतात. चूक लपविण्याची सोय झाडापाशी नाही.

मानसशास्त्राचे पंडित डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांच्यात या विषयावर मोठा मतभेद होता. कानेमन यांनी मनाच्या झटपट निवाड्यांतील चुका शोधण्यात आयुष्य घालविले. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लाइन यांनी आग विझविणाऱ्या दलांच्या प्रमुखांचा अभ्यास करून असे दाखविले होते, की अनुभवी माणसाचा झटपट निवाडा थक्क करण्याइतका अचूक असू शकतो. दोघांनी २००९ साली एकत्र निबंध लिहिला आणि निष्कर्षही एकच काढला. ज्या कामात काही नियमितपणा आहे आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे लवकर व स्पष्ट कळते, त्याच कामात मनाच्या कौलावर भरवसा ठेवता येतो. जेथे हे कळण्याची सोय नाही, तेथे वर्षानुवर्षे काम करूनही अनुभव वाढत नाही. केवळ खात्री वाढते.

आपल्या न्यायशास्त्राला ही वाट नवी नाही. एका गोष्टीमुळे दुसरी घडते असे म्हणण्यापूर्वी अन्वय आणि व्यतिरेक हे दोन्ही पाहावेत, असा दंडक आहे. धूर आहे तेथे अग्नी आहे, हा अन्वय. अग्नी नाही तेथे धूरही नाही, हा व्यतिरेक. आपल्या मनाची खोड अशी की ते अन्वय लगेच पाहते आणि व्यतिरेकाकडे पाठ फिरविते. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी ताड पडला. तेवढ्यावरून कावळ्याच्या भाराने ताड पडला असे मानणाऱ्यांसाठी आपल्या पूर्वजांनी 'काकतालीय न्याय' असा खास शब्दच करून ठेवला आहे. कावळा बसला आणि ताड पडला नाही, असे प्रसंग लाखो असतात. ते कोणी मोजीत नाही.

ही खोड नुसत्या वादापुरती असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. परंतु आपल्या चार ओळखीच्या प्रसंगी ती काय करते, ते पाहावे.

पहिला प्रसंग नागपंचमीच्या दिवसांतला. पावसाळ्यात शेतात, गोठ्यात, कधी अंथरुणातही माणसाला पान लागते. घाबरलेली मंडळी त्याला प्रथम मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक मंत्र म्हणतो, लिंबाचा पाला फिरवितो आणि पुष्कळदा माणूस खरोखर उठून घरी जातो. "आम्ही डोळ्यांनी पाहिले," असे लोक सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. मात्र आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी सुमारे साठच विषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेच जण मंत्राशिवायही वाचणारच होते. हे वाचलेले लोक मांत्रिकाची कीर्ती गावोगाव नेतात. जो वाचत नाही, त्याच्याविषयी "आणायला उशीर झाला" असे म्हटले जाते, आणि मांत्रिकाच्या खाती ती नोंद पडतच नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांपुढे मात्र हा हिशेब उलटतो. मण्यार तर रात्री निजलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज फारशी येत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास बंद पडू लागतो. मंत्राने बरे वाटले असे जे वाटते, तोच काळ प्राणघातक असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले. म्हणून पान लागले की चावलेला भाग हलू देऊ नये, काप घेऊ नये, विष चोखू नये, दोरी करकचून बांधू नये, आणि वेळ न दवडता प्रतिविषाची सुई मिळेल अशा रुग्णालयाकडे निघावे. देवाचे नाव गाडीतही घेता येते. नागदेवतेला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्याने तिच्या विषाचाही आदर करावयास नको काय?

दुसरा प्रसंग पाण्याचा. बाग वाचवायची असेल तर बोअर हवी, आणि बोअर घ्यायची म्हणजे पाणाड्या बोलवायचा. तो तळहातावर नारळ ठेवून किंवा दोन फाट्यांची काडी धरून शेतभर फिरतो. जेथे नारळ उभा राहील किंवा काडी खाली वळेल, तेथे यंत्र लागते. त्याचा हात लबाडीने हलतो असे आम्ही म्हणत नाही. मिशेल शेव्रेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोऱ्याला टांगलेल्या लोलकावर प्रयोग करून १८३३ साली आपला निष्कर्ष छापला. लोलक हातात धरला की तो आपोआप झुलतो असे त्यालाही दिसले होते. परंतु डोळे बांधताच त्याचे झुलणे थांबत असे. मनात जी अपेक्षा असते, ती हाताचे स्नायू नकळत पुरी करतात आणि धरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाणाड्याचा नारळही असाच त्याच्या मनाचा कौल सांगतो. त्या मनात जमिनीचा उतार, झाडांची जात, जवळच्या विहिरी यांचा खरा अनुभव असेल, तर कौल उपयोगी पडेलही. पण कोरड्या गेलेल्या बोअरी कोणी मोजल्या आहेत काय? जो बागायतदार संत्र्याच्या ताणाचा इतका चोख हिशेब ठेवतो, त्यानेच गावातील पाणी लागलेल्या आणि कोरड्या गेलेल्या बोअरींची एक वही का ठेवू नये? त्या जागा कोणी सांगितल्या होत्या, हेही त्यात लिहावे. कर्ज काढून खोल बोअर घेणाऱ्या शेजाऱ्याला ती वही आशीर्वादासारखी वाटेल. भूशास्त्रज्ञांनी येथील पुरातन खडकांचा अभ्यास करून एका खडकसमूहाला सौंसरचेच नाव दिलेले आहे. पायाखालचा तो खडक भूजलतज्ज्ञाला दाखवूनही विचारावे.

तिसरा प्रसंग गोटमारीचा. तो आपला आहे, म्हणून त्याविषयी बोलणे अवघड आहे. नदीपात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो, एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि दगड सुरू होतात. प्रेमी युगुलाची जी कथा सांगतात, ती करुण आहे. ज्यांना दोन्ही काठांनी दगड मारले, त्यांच्या मृत्यूनंतर लोकांना पश्चात्ताप झाला, असाच तिचा शेवट आहे. तरी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आणि काही वर्षी घरचा कर्ता मुलगा परत आलेला नाही. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्नही टिकला नाही. याविषयी विचारले तर उत्तर मिळते : "चंडीमातेची कृपा आहे. तिची विभूती लावली की जखम भरते. आम्ही इतकी वर्षे खेळतो, आम्हाला काय झाले?"

रोमन पंडित सिसेरो याने दोन हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. डायागोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाला एका मित्राने देवळातील चित्रे दाखविली. समुद्रातील वादळातून नवस बोलून वाचलेल्या लोकांनी ती वाहिली होती. डायागोरसने विचारले, की जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? हा प्रश्न नास्तिकाचा असला तरी आस्तिकानेही तो विचारण्यासारखा आहे. गोटमारीहून सुखरूप आलेले ओट्यावर बसून कृपेची कथा सांगतात. ज्याचा डोळा गेला तो घरात बसतो, आणि जो गेला त्याची साक्ष घेण्याची सोयच नाही. कृपेचा हिशेब करताना त्या आईलाही विचारावे, जिने पोळ्याला मुलाच्या हाताने बैलांच्या गळ्यात माळा घातल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला खांद्यावर निघताना पाहिले. चंडी ही जगन्माता आहे. लेकरांच्या रक्ताने कोणती माता तृप्त होते? पळसाची पूजा राहो, झेंडा राहो, देवीला तो वाजतगाजत अर्पण होवो. हातातला दगड मात्र खाली ठेवावा, अशी आमची दोन्ही काठांना हात जोडून विनंती आहे.

चौथा प्रसंग जामसावळीचा. पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताचे ते रूप पाहिले की कोणाचेही मन निवते. ज्यांच्या घरी कोणी मनाने आजारी आहे, ज्याला लोक 'बाहेरचे लागले' म्हणतात, अशी कित्येक कुटुंबे तेथे आशेने येतात. नाभीतून येणारे तीर्थ घेतात, मारुतिरायाच्या पायाशी राहतात आणि काहींना बरेही वाटते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की पुष्कळ आजारांना भरती-ओहोटी असते. भरती कमाल झाली म्हणजे माणूस देवाकडे धावतो. त्यानंतर ओहोटी येणार असतेच. ती आली की सारे श्रेय शेवटच्या उपायाला मिळते, आणि पुन्हा भरती आली की आपले काही चुकले असे रुग्णाच्या माथी मारले जाते.

दुसरी गोष्ट देवळांना भूषणावह आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील मनोवैद्य रघुराम व त्यांचे सहकारी यांनी तामिळनाडूतील एका खेड्यातील देवळाचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. तेथे राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांची त्यांनी तपासणी केली. रुग्ण सरासरी सहा आठवडे कुटुंबीयांसह देवळात राहिले, हलकी कामे केली, आणि त्यांच्या आजाराची तीव्रता जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी झाली. तेथे मारहाण नव्हती, साखळ्या नव्हत्या. शांत, आपुलकीची जागा होती. म्हणजे देवळाचा आश्रय खरोखर उपकारक आहे. पण उरलेल्या आजाराचे काय? तेथे वैद्याची गोळी हवी. तीर्थ घ्यावे, गोळी सोडू नये. कोठे जावे हे सुचत नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. द्रोणगिरीवरून संजीवनी आणण्यासाठी ज्याने रात्रीत आकाश ओलांडले, तो हनुमंत औषधाचा द्वेष्टा असेल असे कोण म्हणेल? लक्ष्मणाला शुद्ध नव्हती तेव्हा वानरसेना नुसते नामस्मरण करीत बसली नाही. जांबुवंताच्या व सुषेणाच्या सल्ल्याची कथा आपण सारे ऐकत आलो आहोत.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, की अशी चिकित्सा करू लागलो तर श्रद्धा कोठे राहणार? आमचे नम्र मत असे, की या चिकित्सेने श्रद्धा शुद्ध होते. 'माझी बोअर लागली तर तू खरा' अशी अट घालून ठेवलेला विश्वास हा सौदा आहे, आणि सौद्यात तोटा आला की माणूस देवच बदलतो. भक्ती फळावर अवलंबून नसते, हे तर गीतेचे पहिले पाऊल. शिवाय आमच्या पौरोहित्याचे जे मुख्य साधन, ते पंचांगही अशाच परीक्षेतून गेले आहे. जुन्या गणिताने काढलेली ग्रहांची स्थाने आकाशात दिसेनाशी झाली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी गणित दुरुस्त करण्याचा आग्रह धरला, आणि लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला. पुढे डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले. ग्रंथात लिहिले तसे आकाशात दिसले पाहिजे, हा आग्रह धरल्याने धर्म बुडाला नाही. मग रोजच्या व्यवहारात तोच आग्रह धरल्याने तो कसा बुडेल?

आपल्या शेजारच्या अमरावतीच्या भूमीत गाडगे महाराज होऊन गेले. ते कीर्तनात श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. नवसाला बोकड कापणाऱ्यांना त्यांनी किती खडसावले, हे येथील वृद्ध मंडळींनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. ज्याच्या ओठी अखंड देवाचे नाव होते, तोच माणूस सर्वांत अधिक प्रश्न विचारीत होता. प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण असते, तर त्यांना संत कोणी म्हटले असते?

यास्तव सभासद कुटुंबांनी येत्या सणांत तीन लहान नेम धरावेत, अशी आमची प्रार्थना आहे. मन ठामपणे काही सांगू लागले, की "आपले चुकले असते तर आपल्याला कसे कळले असते?" हे स्वतःला विचारावे. कोणाचा गुण ऐकला, तर ज्यांना गुण आला नाही ते कोठे आहेत, याची चौकशी करावी. आणि जेथे जिवाचा प्रश्न आहे, तेथे वैद्याकडे आधी जावे. कौल, अंगारा, नवस हे सारे त्यानंतर.

२०२३ साली आपला स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. परंतु सर्वांत मोठी कचेरी प्रत्येकाच्या अंतःकरणात आहे. तेथे मन हा वादी असतो, साक्षीदार तोच असतो आणि न्यायाधीशही तोच होऊ पाहतो. त्या खुर्चीवर विवेकाला बसवावे आणि दुष्यंताची ती मुद्रिका, म्हणजे मनाबाहेरचा पुरावा, त्याच्यापुढे ठेवावा. बुद्धी देणारा तोच परमेश्वर आहे; तिचा उपयोग करणे हीसुद्धा त्याची पूजाच होय.

मारुतिराय सर्वांना बळ देवोत, चंडीमाता सर्वांची लेकरे घरी सुखरूप ठेवो, आणि आपणा सर्वांना सद्बुद्धी लाभो.

॥ शुभं भवतु ॥